मदत हवी आहे: सोसायटीचा पुनर्विकास टीडीआरवर अडलाय

जयू_के
तातडीने सल्ला हवाय. आणखी एक बिल्डर परत गेला. म्हणतो, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेऊन वापरायचा बांधकामाचा हक्क) बसत नाही, जागा वाढवून देणं परवडणार नाही. बिल्डिंगला लिफ्ट नाही, गच्ची गळते, वरच्या मजल्यावर सत्तरीपुढची माणसं राहतात. पलीकडच्या गल्लीत उंच इमारत उभी राहिली, मग आम्हालाच का नाही? अर्ज कुठे करायचा? रविवारी सभा आहे.

कोकणकडा
शहर कोणतं? रस्ता किती रुंद? प्लॉट केवढा?

अनुराधा_एस
आधी डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) करून घ्या. आमचं सगळं त्यावरच अडलं होतं. आणि ४ जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या आदेशानुसार ५१ टक्के संमती पुरते, एक-दोघांच्या विरोधाला घाबरू नका.

जयू_के
कन्व्हेयन्स झालंय, संमती सगळ्यांची आहे. प्रश्न टीडीआरचा आहे. पुणे, कर्वेनगर, सहा मीटरची गल्ली.

नकाशेवाला
मग अडचण गल्लीची आहे. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. ९ मीटरच्या आतल्या रस्त्यावर मूळ १.१० आणि वर अँसिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय), बास. प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) नाही, टीडीआर नाही. रस्ता ९ मीटर झाला की प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४० धरून २.०० पर्यंत जातो, अँसिलरी वेगळा. त्यासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा (रस्त्याची ठरवलेली हद्द) आखून घ्यावी लागते, तीही अख्ख्या गल्लीची. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायला हवं. तुम्ही एकट्याने सोडून भागणार नाही.

सदाशिव_पेठी
बिल्डर हवाच कशाला? स्वयंपुनर्विकास करा, नफा घरातच राहतो.

नकाशेवाला
स्वयंपुनर्विकासातही एफएसआय रस्त्याच्या रुंदीवरच ठरणार. विकायला जादा फ्लॅटच नसतील तर बांधकामाचा खर्च कुठून काढायचा?

मुठाकाठ
सहाचे नऊ करायला माझा विरोध आहे. २०२० मध्ये पुण्यात ३२३ रस्त्यांचा असा प्रस्ताव आला तेव्हाही होता. माणसं दुप्पट होणार, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन जुनीच. आणि वरचे फ्लॅट कोटीच्या पुढे जाणार. सामान्य माणसाला त्यात घर मिळतं का?

नकाशेवाला
स्वस्त होत नाहीत, खरंय. टीडीआर विकत घ्यावा लागतो, प्रीमियम भरावा लागतो, तो सगळा किमतीत येतो. पण गावात घरं वाढूच दिली नाहीत तर तरुण जोडप्यांनी लांब वाघोली-मांजरीलाच जायचं का? पाण्याची लाइन वाढवा, घरं अडवू नका.

मुठाकाठ
आधी लाइन, मग मजले. उलट क्रम आम्ही भोगतोय.

कोकणकडा
पार्किंगचाही विचार करा. आमच्या नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग दिलंय, सकाळी गाडी काढायला रांग लागते.

जयू_के
पार्किंग नंतर बघू. समोर सगळे बंगले आहेत. अंगणातला दीड मीटर सोडायला त्यांना कसं तयार करायचं? कुणी केलंय का?

अनुराधा_एस
त्यांनाच रविवारच्या सभेला बोलवा. रस्ता रुंद झाला तर त्यांच्याही प्लॉटचा एफएसआय वाढतो, हे नकाशावर दाखवा. सोबत आर्किटेक्ट असू दे.

कोकणकडा
प्लॉट केवढा ते अजून सांगितलं नाहीत.