फ्रीपीबीएक्स (ऑफिसच्या पीबीएक्सचं, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर): एक्स्टेन्शनला वेगळा सीआयडी (कॉलर आयडी, समोरच्याला दिसणारा नंबर) दिला तरी ग्राहकाला पायलट, म्हणजे मुख्य नंबरच दिसतो

खटपट्या
ऑफिस पुण्यात. फ्रीपीबीएक्स १६, पीजेएसआयपीवर (एसआयपीचा ड्रायव्हर) एक एसआयपी ट्रंक (ऑपरेटरकडे जाणारी आयपीवरची लाइन), १०० डीआयडींचा (बाहेरून थेट लागणाऱ्या नंबरांचा) ब्लॉक. विक्रीची एक्स्टेन्शन २०१ ते २२०, सपोर्टची ३०१ ते ३१५. सपोर्टचा कॉल गेला की शेवटी १० असलेला नंबर दिसायला हवा, विक्रीचा गेला की ४०. प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये आउटबाउंड सीआयडी भरला, अप्लाय कॉन्फिग केलं, तरी समोरच्याच्या मोबाइलवर ०० वाला पायलटच. शिवाय बाहेरून आलेला कॉल फॉलो मीने (कॉल दुसऱ्या नंबरवर पाठवायची सोय) साहेबांच्या मोबाइलवर गेला की ४०३ (परवानगी नाही) येऊन तुटतो. दोन्हीचा संबंध आहे का?

तारवाला
आहे. पीबीएक्स नंबर नुसता सुचवतो, दाखवायचा कोणता ते ऑपरेटर ठरवतो. त्यामुळे स्क्रीनवर काय भरलंय यापेक्षा तारेवरून काय बाहेर पडतंय ते बघा. सर्व्हरवर एसएनग्रेप (एसआयपीचे संदेश दाखवणारं टूल) लावा, ३०१ वरून मोबाइलला कॉल करा आणि ऑपरेटरकडे जाणारा इन्व्हाइट (कॉल सुरू करणारा संदेश) उघडा. एकाच कॉलचे दोन इन्व्हाइट दिसतील, पहिला फोनकडून पीबीएक्सकडे येणारा, तो नको. दुसऱ्यात फ्रॉम आणि पी-असर्टेड-आयडेंटिटी या दोन ओळींत (हेडरमध्ये) कोणते नंबर आहेत ते सांगा. इथे टाकताना मधले आकडे झाका.

आधी ट्रंकच्या जनरल टॅबमधलं सीआयडी ऑप्शन्स तपासा. तिथे फोर्स ट्रंक सीआयडी असेल तर एक्स्टेन्शनमध्ये काहीही भरा, जाणार ट्रंकचाच.

खटपट्या
अलाउ एनी सीआयडी आहे. इन्व्हाइटमध्ये फ्रॉमला पायलट, पी-असर्टेड-आयडेंटिटीत शेवटी १० असलेला बरोबर नंबर.

तारवाला
मग सापडलं. ट्रंकच्या पीजेएसआयपी सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर फ्रॉम युजर या रकान्यात पायलट भरलेला असणार. तो भरला की फ्रॉममधला नंबर गोठतो, एक्स्टेन्शनचा सीआयडी फक्त दुसऱ्या हेडरमध्ये जातो. तुमचा ऑपरेटर परवानगी पी-असर्टेड-आयडेंटिटीवरून तपासत असावा आणि दाखवत असावा फ्रॉममधला. फॉलो मीच्या कॉलमध्ये पी-असर्टेड-आयडेंटिटीत मूळ ग्राहकाचा मोबाइल नंबर जातो, तो तुमच्या ब्लॉकमधला नाही, म्हणून ४०३.

फ्रॉम युजर रिकामा करून बघा. रजिस्ट्रेशनचं युजरनेम वेगळ्या रकान्यात असतं, त्याला धक्का लागत नाही. मात्र काही ऑपरेटर फ्रॉममध्ये रजिस्टर केलेलाच नंबर मागतात. रिकामा केल्यावर सगळेच कॉल नाकारले जाऊ लागले तर पायलट परत भरा आणि ‘पी-असर्टेड-आयडेंटिटीतला नंबर दाखवा’ असं त्यांच्याकडून त्यांच्या बाजूला करून घ्या.

नंबर कसा लिहायचा हेही त्यांनाच विचारा. कुणाला +९१२० आणि पुढे आठ आकडे लागतात, कुणाला ०२० पासून, कुणाला नुसते आठ. डीआयडी बरोबर, पण लिहिण्याची पद्धत चुकली, तर काही ठिकाणी एररसुद्धा येत नाही, गुपचूप पायलट लागतो. सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड हीच.

रॅकखालचा
फॉलो मीसाठी: त्या एक्स्टेन्शनच्या फॉलो मीमध्ये ‘चेंज एक्स्टर्नल सीआयडी कॉन्फिगरेशन’ आहे. तिथे आउटसाइड कॉल्स फिक्स्ड सीआयडी व्हॅल्यू निवडा आणि तुमचाच एखादा डीआयडी द्या. साहेबांना मूळ ग्राहकाचा नंबर मोबाइलवर दिसणार नाही, तो सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींत) बघावा लागेल. सगळ्यांनाच लावायचं असेल तर ट्रंकवर ब्लॉक फॉरेन सीआयडी करा. फॉरवर्ड झालेल्या कॉलला ट्रंकचा नंबर लागतो, एक्स्टेन्शनचे नंबर तसेच जातात. ऑपरेटरकडे अपवाद मागत बसू नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार टेलिकॉम ओळखीत फेरफार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ऑपरेटरही ताक फुंकूनच पिणार.

आणि पस्तीस एक्स्टेन्शन हाताने कशाला भरता? दोन आउटबाउंड रूट (बाहेर जाणाऱ्या कॉलचे मार्ग) करा. डायल पॅटर्नमध्ये कॉलरआयडी नावाचा रकाना असतो, एकात २XX, दुसऱ्यात ३XX (X म्हणजे कोणताही आकडा). प्रत्येकाला त्याचा रूट सीआयडी द्या आणि ओव्हरराइड एक्स्टेन्शन येस करा. नाहीतर एक्स्टेन्शनमधला नंबर रूटवर मात करतो. हे दोन्ही रूट सर्वसाधारण रूटच्या वर ओढा, कारण जो आधी जुळतो तोच चालतो.

खटपट्या
फ्रॉम युजर काढला, +९१२० ने लिहिला, १० दिसायला लागला. फॉलो मीही चालतंय. पण बॅकअपला जुनी पीआरआय (एसआयपीआधीच्या पद्धतीची डिजिटल) लाइन त्याच रूटमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहे, तिचं काय?

रॅकखालचा
तिचे नंबर वेगळे असतील तर तिच्या ट्रंकवर तिचा पायलट भरून फोर्स ट्रंक सीआयडी लावा. नाहीतर एसआयपी बंद पडली की एसआयपीचे डीआयडी पीआरआयवरून जायला बघतील आणि ऐन वेळी घोळ होईल. एसआयपी ट्रंक तात्पुरती डिसेबल करून एक कॉल लावून बघा.

तारवाला
दोन गोष्टी राहिल्या. सीआयडीच्या रकान्यात कंपनीचं नाव लिहून बाहेरच्या मोबाइलवर ते दिसत नाही, पीबीएक्सकडून नुसता नंबर पोचतो. आणि ट्रूकॉलरवरचं नाव त्यांच्या यादीतलं, पीबीएक्सचं नव्हे. दुसरं, विक्रीवाले अनोळखी लोकांना जाहिरातीचे कॉल करणार असतील तर त्याला १४० मालिकेतला नंबर लागतो. साध्या डीआयडीवरून केले आणि तक्रारी झाल्या तर सपोर्टची लाइनसुद्धा त्यांच्याबरोबर बंद होऊ शकते.