निबंधाला विषय आहे ‘व्यक्तीचे सक्षमीकरण’. माणूस सक्षम झाला हे ओळखायचं कशावरून?

मुख्य_परीक्षा:
क्लासमध्ये निबंधाला विषय दिलाय: ‘व्यक्तीचे सक्षमीकरण हाच सर्वसमावेशक राष्ट्रीय विकासाचा पाया’. जनधन, मुद्रा, कौशल्य विकास... सगळ्यांच्या वहीत तेच. मी 11व्या पंचवार्षिक योजनेपासून (2007-12) सुरुवात केली, सर्वसमावेशक वाढ हे तिचं सूत्रच होतं म्हणून. सरांनी शेरा मारला, ‘यात माणूस कुठाय?’ आता तुम्हीच सांगा. खातं उघडलं, कर्ज मिळालं म्हणजे माणूस सक्षम झाला का? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहा, प्लीज. पुस्तकातलं माझ्याकडे भरपूर आहे.

वहीवाली:
मी उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानात सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती आहे. म्हणजे बचत गटांच्या बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, बँकेत खेटे घालायचे. मानधनाचं विचारू नका.

माझ्यापुरती खूण सांगते. बाईला कर्ज मिळालं तेव्हा मी काहीच धरत नाही. हप्ता भरायला आली आणि पैसे मुठीतच ठेवून ‘आधी मुद्दल किती राहिलं ते सांग’ म्हणाली, की मी निर्धास्त होते.

का, ते आकड्यात बघा. गटातलं अंतर्गत कर्ज 10,000, व्याज महिना 2 टक्के, मुद्दल दहा सारख्या हप्त्यांत. राहिलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला 200, मग 180, 160, असं उतरत शेवटी 20. एकूण 1,100. तेच व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावलं तर 2,000. तोंडी दर दोन्हीकडे ‘दोन टक्के’च! शिवाय गटातलं व्याज गटाच्याच पेटीत राहतं, दारावर येणाऱ्याचं त्याच्या खिशात जातं.

आमच्यातल्या एक मावशी, सही शिकून फार काळ झालेला नव्हता, त्यांनी दारावर कर्ज द्यायला आलेल्या पोराला ओट्यावर बसवून हाच हिशोब करायला लावला. तो मोबाइलवर आकडे टाकतोय, मावशींचं बोटांच्या पेरांवर आधीच झालेलं. ‘नऊशे जास्तीचे कशाचे रे बाबा?’ पोरगं पाणी पिऊन गेलं. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा बँकेचं सांगतात तेही असंच. बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकून परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, तुमचे अधिकारीही कॅल्क्युलेटरशिवाय काढू देत. 1997 ला बँक सुरू झाली.

बँकेवरून आठवलं. गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाचं बचत खातं अडकवून ठेवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी एका शाखेत आम्हाला सांगितलं, ‘बचत काढता येणार नाही, आणि येताना मालकांना घेऊन या.’ आमच्या अध्यक्षांनी परिपत्रक मोबाइलवर उघडून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ‘मालक कशाला? ठरावावर त्यांची सही नाही.’ साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मग चहा मागवला.

उलटंही बघितलंय. कर्ज तिच्या नावावर, मोटारसायकल त्याच्या. हप्ता थकला की बैठकीत मान खाली तिची. आमच्या अहवालात तीसुद्धा ‘लाभार्थी’ म्हणूनच मोजली जाते. निबंधात कर्जवाटपाचे कोटी लिहाल तेव्हा ही बाई त्यात आहे एवढं ध्यानात असू द्या.

कोरडवाहू:
ताई, मावशींना रामराम सांगा. पण हिशोब आला, सही आली, पुढे काय? आमच्याकडे जो तो गट पापड-लोणच्याचा. गिऱ्हाईक कोण, तर दुसऱ्या गटातल्या बायका! शेळ्या घ्याव्यात तर जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. सक्षम व्हा, सक्षम व्हा म्हणत सगळा भार गरिबाच्याच डोक्यावर द्यायचा आणि एसटी, वीज, दवाखाना यांचं नाव काढायचं नाही, हे मला पटत नाही.

आकडाच हवा असेल तर केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणातला घ्या. 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग 2017-18 ला 23.3 टक्के होता, 2023-24 ला 41.7. ऐकायला झकास. पण त्यातल्या पुष्कळजणी घरच्याच शेतात, धंद्यात बिनपगारी राबतात. काम वाढलं हे खरं, हातात पैसा कुठंय?

सातबारा:
जमिनीवर कोणीच बोललं नाही. मुख्य_परीक्षा, ‘लक्ष्मीमुक्ती’ शोधा. शेतकरी संघटनेची मोहीम, मग 1992 चं शासन परिपत्रक. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. गोम ‘नवऱ्याने अर्ज केला की’ मध्ये आहे. विषय चांगला आहे, पेपरात मार्क मिळतील का माहीत नाही.

वहीवाली:
सातबारा, हे मोलाचं बोललात.

कोरडवाहू दादा, पापडाचं तुमचं शंभर टक्के खरं. प्रशिक्षण पापडाचंच येतं म्हणून पापडच होतात. शेळीचा डॉक्टर मी बनवू शकत नाही, गटही बनवू शकत नाही, ते सरकारनंच द्यायला हवं. पण सरकारनं द्यायचं ठरवलेलंसुद्धा पदरात कसं पडतं ते बघा. आपली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात वाढली, 1977 ला तिचा कायदा झाला. ‘मागेल त्याला काम’. सगळं वजन ‘मागेल’वर! कामाच्या मागणीचा नमुना 4 भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची. पोच हातात असेल तर काम द्यायचे पंधरा दिवस मोजता येतात, काम नाही मिळालं तर भत्ता मागता येतो. ‘नाव लिहून घेतलंय, जा’ एवढ्यावर घरी आलेल्या माणसाला कायदा असून नसल्यासारखा. पुढे केंद्राचा 2005 चा कायदा आला, त्यातही हेच होतं. म्हणून मी बायकांना कर्जाच्या अर्जाआधी पोच मागायला शिकवते. कारकून वैतागतात, वैतागू देत. दवाखान्यासाठी ग्रामसभेत ठराव घालायलाही याच बायका लागणार आहेत, आणि ठरावाची नक्कल मागायलाही.

मुख्य_परीक्षा:
ताई, 1,100 आणि 2,000 चा हिशोब निबंधात वापरू का?

वहीवाली:
खुशाल. फक्त ‘2 टक्के’पुढे ‘महिना’ लिहा. वर्षाचे समजले तर सगळा हिशोब चुकेल.