वेस्लीनं चर्च सोडलं नाही म्हणे! मग मेथडिस्टांची चूल वेगळी झाली कशी?

पारावरचा
मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीबद्दल एक वाक्य नेहमी ऐकतो: तो चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या अधिकृत अँग्लिकन चर्चचा, पाद्री म्हणून जगला, तसाच १७९१ मध्ये वारला, आणि मेथडिस्ट पंथ त्याच्या माघारी अनुयायांनी वेगळा केला. वेस्ली स्वतःही अखेरपर्यंत हेच सांगत होता. मला ते पटत नाही. घर सोडतो असं म्हातारा तोंडानं म्हणाला नाही, एवढंच. चूल त्यानेच वेगळी मांडली आणि सातबाराही हयातीतच वेगळा करून ठेवला.

१७३९ मध्ये ब्रिस्टलला उघड्यावर प्रवचनं सुरू केली, त्याच वर्षी तिथे स्वतःची इमारत उभी राहू लागली, तिला नाव ‘न्यू रूम’. तिचं कर्ज फेडायला १७४२ मध्ये एका कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि ज्याला जमणार नाही त्याचं गटप्रमुखानं भरावं. या वसुलीतूनच बाराएक जणांचे ‘क्लास’ तयार झाले. पेनी मागायला गेलेला माणूस घरात काय चाललंय तेही विचारू लागला. दर तीन महिन्यांनी सदस्यत्वाचं तिकीट, वागणूक बिघडली की तिकीट बंद. १७४४ पासून प्रवचनकारांची परिषद.

१७८४ चं वर्ष तर सगळ्यावर कडी. फेब्रुवारीत वेस्लीनं रीतसर दस्त केला: माझ्यानंतर परिषद म्हणजे हे शंभर प्रवचनकार, प्रार्थनागृहांवर हुकूम त्यांचा. सप्टेंबरात ब्रिस्टलला त्यानं, स्वतः बिशप नसताना, व्हॉटकोट आणि वेझी या दोन प्रवचनकारांना पाळकपदाची दीक्षा दिली (ती डोक्यावर हात ठेवून देतात, आणि अँग्लिकनांत ते काम बिशपचं) आणि थॉमस कोक या अँग्लिकन पाद्र्यावर हात ठेवून त्याला अमेरिकेसाठी अधीक्षक नेमलं. अमेरिकेसाठीच चर्चच्या श्रद्धेच्या ३९ कलमांतली १५ गाळून २४ ठेवली. याला वेगळं होणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

खिडकीजवळ
मी मेथडिस्ट घरातली, त्यामुळे गप्प बसवत नाही. 🙂 उघड्यावर प्रवचन का, हे तुम्ही गाळलंत. ब्रिस्टलजवळचं किंग्जवूड म्हणजे कोळसा खाणींची वस्ती, आणि हजारो खाणकामगारांसाठी तिथे चर्च नाही. पॅरिशच्या, म्हणजे प्रत्येक चर्चला वाटून दिलेल्या हद्दीच्या, रेषा मध्ययुगात आखलेल्या. लोकवस्ती खाणी-गिरण्यांकडे सरकली, रेषा तिथेच. नवी पॅरिश करायची तर बहुधा पार्लमेंटचा कायदा लागे. म्हणजे पाद्री एका गावात, माणसं दुसरीकडे!

आणि वेस्लीला यात हौस नव्हती. चर्चच्या इमारतीबाहेर आत्म्याचं तारण होणं हे आपल्याला जवळजवळ पाप वाटायचं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. आधी त्याचा मित्र, प्रवचनकार व्हिटफील्ड मैदानात उतरला, त्यानं बोलावलं, तेव्हा कुठे हा शिस्तप्रिय ऑक्सफर्डवाला बिचकत बिचकत गेला.

मोडीवाचक
शिवाय वेळा बघा. प्रवचन पहाटे पाचला, कामावर जायच्या आधी. रविवारी चर्चची उपासना असेल त्या वेळात आपली सभा ठेवायची नाही, हा वेस्लीचा दंडक होता. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीसाठी, पॅरिश चर्चमध्येच जा, असा आग्रह. वेगळी चूल मांडणारा जेवायला जुन्या घरी पाठवतो का?

पारावरचा
पाठवतो, जोवर स्वतःकडे वाढणारा माणूस नाही तोवर! प्रवचनकार दीक्षित नव्हते, म्हणून प्रभुभोजन देता येत नव्हतं. दीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला आहे हे वेस्लीला १७४६ मध्येच पटलं होतं. प्राचीन मंडळीत बिशप आणि साधा पाळक एकाच दर्जाचे होते असं एक पुस्तक वाचून तो त्या निष्कर्षाला आला. मग ३८ वर्षं थांबला. याला तुम्ही निष्ठा म्हणा, मी मुहूर्त शोधणं म्हणतो.

ढगफुटी
अहो, ३८ वर्षं मुहूर्त शोधायला तो काय आपला पुनर्विकासाचा बिल्डर आहे? 😄

चर्चवाल्यांनी काय केलं तेही सांगा की. १७३९ मध्येच ब्रिस्टलचे बिशप बटलर यांनी त्याला तोंडावर सांगितलं की पवित्र आत्म्याच्या खास देणग्यांचा दावा करणं ही भयंकर गोष्ट आहे. १७४२ मध्ये त्याच्या जन्मगावी एपवर्थला, ज्या चर्चात बाप जवळजवळ चाळीस वर्षं रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, होता, तिथेच याला बोलू दिलं नाही. मग हा संध्याकाळी आवारात बापाच्या थडग्यावर उभा राहून बोलला.

१७४३ मध्ये वेन्झबरी गावात झालं ते तर भारीच. जमावानं वेस्लीला पकडून रात्री भर पावसात दंडाधिकाऱ्याच्या दारात नेलं. साहेब झोपलेले. मुलगा बाहेर आला, गुन्हा काय विचारलं. उत्तर: हे दिवसभर स्तोत्रं गातात आणि लोकांना पहाटे पाचला उठवतात! मुलानं सल्ला दिला, घरी जा आणि गप्प बसा. जमाव तिथून वॉल्सॉलच्या दंडाधिकाऱ्याकडे. तेही झोपलेले. ज्या व्यवस्थेचे रखवालदार झोपलेत, तिथून कोण कुणाला सोडून गेलं?

मोडीवाचक
😂 वेस्लीच्या रोजनिशीतला हा प्रसंग खरंच तसाच आहे.

एक कायद्याचा पेच मात्र धागाकर्त्यांच्या बाजूचा नाही. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याचं संरक्षण हवं तर सभागृहाची नोंदणी करायची, पण ती सोय चर्चपासून फुटलेल्यांसाठी. मेथडिस्ट म्हणत, आम्ही फुटलेले नाही. बरं मग, संरक्षणही नाही. कोंडी कशी बघा: चर्चचे म्हणवलंत तर परवानगीविना सभा भरवल्याबद्दल दंड, परवाना घेतलात तर तुम्हीच कबूल केलंत की चर्चचे नाही. वेस्लीनं हे टाळता येईल तितकं टाळलं आणि १७८७ मध्ये नाइलाजानं परवाने घ्यायला सांगितलं. फुटायची घाई असलेला माणूस पन्नास वर्षं हा त्रास का काढेल?

पारावरचा
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. सुरुवातीपासून ठरवून केलं, असा माझा सूर लागला असेल तर तो मागे घेतो. पण १७८४ बद्दल कुणीच बोलत नाहीये.

खिडकीजवळ
बोलते ना. अमेरिका स्वतंत्र झाली. तिथे अँग्लिकन बिशप आधीही नव्हता, युद्धात बरेच पाद्री निघून गेले. हजारो मेथडिस्ट, आणि लेकरांचा बाप्तिस्मा करायला माणूस नाही. वेस्लीनं लंडनचे बिशप लाउथ यांच्याकडे एका प्रवचनकाराला दीक्षा द्या म्हणून विनंती केली, ती नाकारली गेली. मग त्यानं काय करायचं होतं? आणि अमेरिकेतल्या मेथडिस्टांचा पुढारी ॲस्बरी यानं पुढे स्वतःला बिशप म्हणवलं, तेव्हा वेस्लीनंच त्याला झापलं: लोक मला लबाड म्हणोत, मूर्ख म्हणोत, पण बिशप म्हणवून घेणं मला चालणार नाही.

पारावरचा
अमेरिका समजू शकतो. पण १७८५ मध्ये स्कॉटलंडसाठी दीक्षा दिल्या. आणि १७८८ मध्ये अलेक्झांडर मॅथरला दीक्षा दिली ती इंग्लंडसाठी, जिथे बिशपांचा तुटवडा नव्हता. तिथे कुठली अडचण होती?

आणि माझा मुख्य साक्षीदार चार्ल्स वेस्ली आहे, सख्खा धाकटा भाऊ. १७८४ ची दीक्षा त्याच्यापासून लपवली होती. कळल्यावर त्यानं कविता लिहिली: वेस्लीनं कोकवर हात ठेवले, पण वेस्लीवर कुणी ठेवले? सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डचं मतही त्यानंच नोंदवलंय: दीक्षा म्हणजेच विभक्त होणं. कायद्याचा एवढा मोठा माणूस आणि घरातला भाऊ एकच सांगताहेत.

ढगफुटी
घरातला भाऊ साक्षीला आला की वाटणी झालीच समजायची.

मोडीवाचक
मॅन्सफील्डचं मत कायद्याच्या नजरेतून बरोबर आहे, तरी प्रत्यक्ष तुकडा त्या दिवशी पडला नाही. वेस्ली गेला तेव्हा ब्रिटनमध्ये सत्तर हजारांच्या वर सदस्य होते आणि त्यांच्यातच दोन तट, चर्चमध्येच राहू म्हणणारे आणि वेगळं होऊ म्हणणारे. खरी फारकत १७९५ च्या तोडग्यात आहे: ज्या प्रार्थनागृहाच्या विश्वस्तांचं, आणि कारभारी-गटप्रमुखांचंही, बहुमत होईल तिथे प्रभुभोजन देता येईल. म्हणजे एकेका गावानं मत देऊन ठरवलं. खालून झालेली गोष्ट तुम्ही वरच्या एका माणसाच्या माथी मारताय.

पारावरचा
विश्वस्त, कारभारी, गटप्रमुख ही सगळी पदं कुणी निर्माण केली होती?

खिडकीजवळ
तुमचं ‘हात कुणी ठेवले’ फार जुनं झालं असं वाटत असेल तर सांगते. १९७२ मध्ये इंग्लंडातली अँग्लिकन-मेथडिस्ट एकीकरणाची योजना मोडली. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, लागणारे ७५ टक्के पडले नाहीत. वादाचं मोठं कारण हेच: मेथडिस्ट पाळकांवर बिशपनं हात ठेवायचे, तर ती नव्यानं दीक्षा का? आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट त्यात आले, आणि सगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांवर हात ठेवून तो प्रश्न सोडवला.

पारावरचा
आणि तुमची मंडळी?

खिडकीजवळ
आम्ही अमेरिकन परंपरेतले, विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले तिथपासूनचे. आमच्या मंडळीनं ऐनवेळी नागपूरला यायचं नाही असं ठरवलं. आजही वेगळेच आहोत.

ढगफुटी
म्हणजे ताई, तुम्ही कोकच्या बाजूच्या!

खिडकीजवळ
मी चार्ल्सच्या बाजूची. तो १७८८ मध्ये वारला, तेव्हा लंडनच्या सिटी रोडवरच्या मेथडिस्ट आवारात पुरू नका, ती जमीन बिशपनं पवित्र केलेली नाही, असं सांगून मॅरिलबोनच्या पॅरिश चर्चच्या आवारात गेला. तीन वर्षांनी जॉन सिटी रोडलाच.