शब्दचर्चा: 'मेइशो'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: जपानी काष्ठठशांच्या चित्रांवर लेख लिहितेय. हिरोशिगेची गाजलेली मालिका 'मेइशो एदो ह्याक्केई' (१८५६-५८). एदो म्हणजे आजचं टोकियो, ह्याक्केई म्हणजे शंभर दृश्यं (चित्रं भरतात ११९, ते असो). गाडी अडलीय 'मेइशो'वर. 'प्रेक्षणीय स्थळं' लिहिलं की सहल कंपनीचं पत्रक वाटतं.

– 'प्रेक्षणीय' नकोच. मेइशो आधी कानावर पडते, डोळ्यांना नंतर दिसते. जुन्या जपानी कवितेत योशिनो म्हटलं की चेरीचा बहर, तात्सुता नदी म्हटली की मेपलची लाल पानं. ती जागा कधी न पाहिलेले कवीही हे बिनदिक्कत लिहीत. शब्दातली दोन चिन्हंही 'नाव' आणि 'जागा' अशीच आहेत. 'नामांकित स्थळ' चालेल.

– 'स्थलमाहात्म्य'वरून काही करता येईल का?

– पोथीचा वास येतो हो! हिरोशिगेकडे पूल आणि बाजारपेठाही मेइशोच आहेत.

– काहीही करा, पण सरसकट 'निसर्गचित्र' लिहू नका. याच मालिकेतलं एदोमधल्या आसाकुसाच्या देवळाचं चित्र घ्या. वर भलामोठा लाल कंदील, मागे लाल दरवाजा आणि मनोरा, सगळीकडे बर्फ. छापलं कधी? १८५६च्या सातव्या महिन्यात, म्हणजे ऐन उकाड्यात! आदल्या वर्षीच्या भूकंपात त्या मनोऱ्याचा शेंडा वाकला होता. चित्रात तो सरळ आहे. आणि लाल-पांढरी जोडी जपानमध्ये शुभ मानतात. हा बर्फ हवामानाचा नाही, शुभेच्छेचा आहे, असं माझं वाचन.

प्रश्नकर्ती: मग फुजी पर्वत? तोही मेइशोच?

– हो, आणि तिथे मात्र 'माहात्म्य' चपखल बसतं. फुजीचे भक्त एदोमध्ये त्याच्या छोट्या प्रतिकृती रचत, म्हणजे डोंगरावर जाणं न जमणाऱ्यांनी निदान टेकडी तरी चढावी. मेगुरोच्या अशा दोन टेकड्या हिरोशिगेने काढल्यात, मागे खरा फुजीही आहे. होकुसाई या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रात प्रचंड लाटेखाली फुजी इवलासा दिसतो, पण हलत नाही. नावाडी होड्यांना चिकटून ओणवे झालेत.

– शीर्षकाला 'एदोची नामांकित स्थळं' द्या आणि मजकुरात 'मेइशो' तसाच ठेवा. 'हायकू'चं कुठे भाषांतर केलं आपण?