२५ मायक्रॉनच्या फिल्मची जाडी प्रकाशाने, हात न लावता मोजावी का?

प्रश्न (कुपवाड, सांगली)

नमस्कार. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पॉलिथिन फिल्मचा लहान कारखाना आहे. बेदाण्याच्या पेटीत घालायची पारदर्शक फिल्म आणि भाजीपाल्यासाठी लागणारा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, अशी दोनच उत्पादने आम्ही घेतो. दोन्हींची जाडी २५ मायक्रॉन ठेवतो. ऑपरेटर दर तासाला रोलच्या टोकाची पट्टी कापून सहा ठिकाणी डिजिटल मायक्रोमीटर लावतो आणि नोंदवहीत २४ ते २६ च्या बाहेरचा आकडा क्वचितच सापडतो. तरीही गेल्या महिन्यात तासगावच्या एका ग्राहकाने तीन रोल परत पाठवले. रोलवर एका जागी हाताला लागेल असा कडक उंचवटा होता, आणि तिथली फिल्म ताणली गेल्यामुळे उलगडताना तिला झोळ पडत होता.

एका विक्रेत्याने चालू लाईनवर बसवायचा प्रकाशीय सेन्सर सुचवला आहे. किंमत आमच्या आवाक्याच्या काठावर आहे. तो दोन्ही फिल्मना चालेल का, आणि त्याच्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मिरज)

आपली नोंदवही खोटी नाही, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे. रुंदीत एकाच जागी फिल्म १ मायक्रॉनने जाड असेल आणि रोलवर ३,००० वेढे बसत असतील, तर त्या जागी ३ मिलिमीटरचा उंचवटा तयार होतो. एक मायक्रॉन एवढीच लघुत्तम मोजणी असलेल्या, शिवाय मऊ फिल्म दाबून धरणाऱ्या उपकरणाला हा फरक खात्रीने दिसणे शक्य नाही, आणि सहा ठिकाणांच्या मधल्या जागेत अरुंद पट्टा असेल तर तो सापडणारच नाही.

आता प्रकाशाविषयी. एवढ्या पातळ फिल्मसाठी बहुधा व्यतिकरणाची पद्धत वापरतात. फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेले किरण एकमेकांत मिसळतात आणि वर्णपटात चढउतार उमटतात. २५ मायक्रॉनच्या पॉलिथिनमध्ये ८५० नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरांतले अंतर सुमारे साडेनऊ नॅनोमीटर येते. फिल्म जाड होत जाईल तशी शिखरे दाट होतात. मला या पद्धतीचा सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा, की फिल्म धावताना वरखाली फडफडली तरी दोन्ही पृष्ठभाग एकत्रच हलतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बिघडत नाही. दोन बाजूंनी लेझर लावून अंतर मोजण्याच्या पद्धतीला ही सवलत मिळत नाही. ती जाड शीटसाठीच बरी. मात्र फिल्म तिरकी झाली तर परावर्तित प्रकाश सेन्सरच्या तोंडाबाहेर जातो, म्हणून मोजणी रोलरजवळ, ताणलेल्या भागावर करावी.

विक्रेते बहुधा घाईने ओलांडून जातात ती गोष्ट अशी, की सेन्सर जाडी मोजत नाही. जाडी गुणिले अपवर्तनांक (फिल्ममध्ये प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा) एवढे मोजतो आणि आपण भरलेल्या अपवर्तनांकाने भागून आकडा दाखवतो. १.५१ ऐवजी १.५३ भरला तर २५ मायक्रॉनवर सुमारे एक तृतीयांश मायक्रॉनचा फरक पडतो. शिवाय या गणितात समूह अपवर्तनांक (एकाच रंगाचा नव्हे, तर जवळजवळच्या रंगांचा प्रकाश एकत्र धरून येणारा) लागतो, आणि तो नेहमीच्या कोष्टकातल्या आकड्यापेक्षा थोडा अधिक असतो. म्हणून आपल्याच फिल्मवर वजनाने अंशांकन केल्याशिवाय, म्हणजे सेन्सरचा आकडा वजनावरून काढलेल्या जाडीशी जुळवून घेतल्याशिवाय, त्या आकड्याला ग्राह्य धरू नये.

ते काम उद्याच करता येईल. फिल्मच्या धावेच्या दिशेने २ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब पट्ट्या, पूर्ण रुंदीभर शेजारी शेजारी कापा. घनता ०.९२ धरल्यास २५ मायक्रॉनची पट्टी ०.२३० ग्रॅम भरते आणि १ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे ०.११ मायक्रॉन. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही मिळेल.

प्रश्नकर्ता

पट्ट्या कापून वजने केली. बहुतेक ०.२२६ ते ०.२३२ ग्रॅमच्या आत आहेत, पण उंचवट्याच्या जागच्या सलग दोन पट्ट्या ०.२४३ आणि ०.२४१ भरल्या. म्हणजे तिथे साधारण सव्वासव्वीस मायक्रॉन आहेत, आणि ती जागा आमच्या ठरलेल्या सहांपैकी दोन जागांच्या नेमकी मध्ये येते. परत आलेल्या तिन्ही रोलवर जागा एकच आहे.

उत्तर (सातारा)

जागा एकच असेल, तर सेन्सरच्या आधी डाय (वितळलेले प्लास्टिक जिथून नळीच्या आकारात बाहेर पडते तो साचा) आणि एअर रिंग (त्या नळीवर थंड हवा सोडणारे कडे) यांच्याकडे पाहावे. बबलवर, म्हणजे डायमधून निघून फुगलेल्या नळीवर, मार्करने रेघ ओढून ती रोलवर कुठे पोहोचते ते शोधले, म्हणजे डायचा कोणता भाग दोषी आहे ते कळेल. एअर रिंगच्या ओठात चिकटलेला मेणचट थर, एखादी वाकलेली हवेची नळी किंवा शेडच्या दारातून एकाच बाजूला येणारा वारा, यांतल्या कशानेही एका बाजूची हवा बदलते आणि तिथली जाडी बिघडते. हे स्वच्छ करूनही पट्टा राहिला, तर त्या भागातला डायचा बोल्ट अगदी थोडा फिरवून पुन्हा पट्ट्यांचे वजन करावे.

मल्चिंग पेपरबाबत माझे मत स्पष्ट आहे. काळ्या थरातला कार्बन प्रकाश शोषून घेतो, खालच्या पृष्ठभागावरून काहीच परत येत नाही आणि व्यतिकरणाला दुसरा किरणच मिळत नाही. अवरक्त शोषणावर चालणारी उपकरणेही तिथे अडतात. त्यामुळे या सेन्सरचा खर्च फक्त पारदर्शक फिल्मच्या उत्पादनावर वसूल होतो का, एवढेच गणित मांडावे. विक्रेत्याकडे आपल्याच फिल्मचे, वजन केलेल्या पट्ट्यांचेच नमुने द्यावेत आणि त्याचे आकडे येईपर्यंत आपले आकडे त्याला सांगू नयेत.

जागेचीही काळजी घ्यावी. निप रोलरनंतर (बबल दाबून धरणाऱ्या रोलरच्या जोडीनंतर) नळी चपटी होऊन दोन थर एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामधल्या हवेचे परावर्तनही वर्णपटात मिसळते. कडा कापून थर वेगळे झाल्यावर, वाइंडरच्या (रोल गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) आधी, एकेरी फिल्मवर सेन्सर आडवा फिरवण्याची सोय लाईनमध्ये आहे का, हे ऑर्डर देण्यापूर्वी टेप लावून पाहून घ्यावे.