मुलगा बेळगावात, पप्पा कोल्हापुरात, भेटीचं वेळापत्रक कसं बसवायचं?

शहापूरची आई

नमस्कार, लिहू की नको करत महिना गेला, आज लिहूनच टाकते. आम्ही दोघं गेलं दीड वर्ष वेगळे राहतोय, मी माहेरी बेळगावच्या शहापुरात, ते कोल्हापूरला, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात कामाला. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, मराठी मीडियम. आता भांडणतंटा फारसा राहिला नाही, दोघांच्या मर्जीनं सोडचिठ्ठी घ्यायची ठरलंय, पोरगं माझ्याकडं राहणार हे पण त्यांना मान्य आहे. गाडी अडलीय ती भेटायचं कधी, किती आणि कुठं यावर.

आत्तापर्यंत कसं चाललंय तर त्यांचा फोन आला की पाठवायचं, नाही आला की नाही. त्यात हाल पोराचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दप्तर पाठीवरच ठेवून कट्ट्यावर बसतंय, गल्लीत बाईकचा आवाज आला की उठतंय, बाईक पुढं गेली की परत बसतंय. आत ये म्हटलं तर म्हणतंय मी असाच बसलोय. दीड-दोन तास. मागच्या महिन्यात तीन शनिवार असे गेले, म्हणून म्हटलं आता कागदावरच घ्यायचं सगळं.

पण कागदावर घ्यायला बसलं की काहीच जुळत नाही. त्यांची सुट्टी सोमवारी, पोराची रविवारी. ते म्हणतात सोमवारी शाळा बुडवून पाठव, एक दिवसानं काय होतंय, मी म्हणते महिन्याला चार सोमवार गेले तर वर्षाला किती होतात मोजा. मग सुट्ट्यांचं. त्यांना दिवाळीचे पंधरा दिवस पाहिजेत, कारण त्यांच्या भावाची पोरं तेव्हा घरी असतात. आता आमच्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला जेमतेम दोन-तीन दिवस, हे त्यांना चार वेळा सांगून झालं. उन्हाळ्यात पण तेच, इकडं एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला सुट्टी पडते आणि मे संपता संपता शाळा उघडते, तिकडं मे महिना आणि निम्मा जून. ते म्हणतात 10 जूनला आणून सोडतो! तोवर इकडं पहिला धडा संपलेला असतोय.

आणखी एक, हसू नका. रविवारी रात्री कोल्हापूरहून आलं की कन्नडचा होमवर्क कोरा असतोय, तिकडं घरात कुणालाच कन्नड वाचता येत नाही. दहा वाजता डोळ्यात झोप घेऊन अक्षरं गिरवत बसतंय आणि मी चिडतेय, मग दोघं पण रडतोय.

कुणी असं वेळापत्रक केलेलं असेल तर नक्की काय काय लिहिलं ते सांगा. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतोय.

निपाणीकर बाबा

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या जागेवरचा माणूस आहे, म्हणून त्यांच्या बाजूनं पण थोडं बोलतो. माझी मुलगी तिच्या आईकडं बेळगावला, मी निपाणीत, सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष आमचं पण असंच, फोन आला तर भेट. त्यात बापाला असं वाटतंय की प्रत्येक वेळी भीक मागायला लागतेय, आणि मग माणूस फोनच करायचं टाळतंय. मी टाळलाय, खोटं कशाला बोलू. तारीख ठरलेली असली की विचारायलाच लागत नाही, सरळ जायचं.

सोमवारचा प्रश्न तुम्ही उलटा धरलाय असं मला वाटतंय. पोरानं सोमवारी कोल्हापूरला कशाला जायचं, त्यांनीच सोमवारी बेळगावला यावं की. दुपारी निघायचं, शाळा सुटायच्या टायमाला गेटवर, तिथून पोराला घेऊन कुठंतरी खायचं, बागेत जायचं, कन्नड सोडून बाकीचा अभ्यास घ्यायचा, साडेसातला तुमच्या दारात सोडून परतीची बस. मी असंच करायचो, माझी सुट्टी बुधवारी. महिन्यातून दोन सोमवार असे, आणि एकच शनिवार-रविवार कोल्हापूरला, त्या एका रविवारची रजा त्यांनी आधी टाकून ठेवावी. महिन्याला एक रविवार मिळत नाही असं कुठल्या कारखान्यात नसतंय. फक्त शाळेत लेखी द्या की सोमवारी वडील नेणार, नाहीतर गेटवरचा मामा सोडत नाही आणि बापाला सगळ्या पालकांसमोर उभं राहून मी बापच आहे म्हणून सांगायला लागतंय. माझ्यावर आलाय तो प्रसंग.

आणि रविवारी परत यायची वेळ लिहा, "संध्याकाळी" असं लिहू नका. माझी संध्याकाळ नऊला असायची आणि हिची पाचला, त्यावरून वर्षभर जुंपली. दुपारी चारला घरात असं घातलं की तुमचा कन्नडचा प्रश्न पण सुटला.

ने-आण कुणी करायची ते पण घाला. संकेश्वर तुम्हा दोघांना साधारण मध्यावर पडतंय. शक्ती योजनेमुळं तुम्हाला कर्नाटकच्या साध्या बसला तिकीट नाही, पोराचं हाफ. पण खरं सांगू का, स्टँडवर पोरगं देणं-घेणं नको. आम्ही चार महिने केलं. मुलगी एका बसमधून उतरायची, दुसऱ्या बसमध्ये चढायची, मधल्या पाच मिनिटांत आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता तिच्या बॅगेबद्दल बोलायचो. एकदा तिनं विचारलं, पप्पा मी पार्सल आहे काय? त्या दिवसापासून मी घरी जाऊन घेऊन येतोय आणि घरी नेऊन सोडतोय, सासऱ्यांनी दार उघडलं तरी.

बस बंदचं पण एक वाक्य टाका. फेब्रुवारी 2025 ला त्या कंडक्टरच्या मराठी-कन्नड भांडणावरून दोन्हीकडच्या बस थांबल्या होत्या आठवतंय ना? तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकाची भेट चुकली आणि बायको म्हणाली मुद्दाम आला नाही. आम्ही लिहिलंय, बंद, पाऊस, आजारपण यानं भेट चुकली तर पुढच्याच आठवड्यात बदली दिवस, आणि कळवायचं आदल्या रात्री आठच्या आत.

सीमाभागातला

एवढं सगळं बसवताय त्यापेक्षा दोघांनी मिळून संसारच बसवला असता तर. पोरासाठी जुळवून घ्यायचं असतं.

शहापूरची आई

@सीमाभागातला दादा, उपदेश नको असं वरच लिहिलंय.

@निपाणीकर बाबा, सोमवारचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ओ. पार्सलचं वाचून पोटात कालवलं.

खानापूरचा वकील

ताई, कोर्टाच्या बाजूचं थोडं सांगतो, तुमचे कागद बघितलेले नाहीत त्यामुळं तुमच्या वकिलांना विचारूनच पुढं जा.

पहिली गोष्ट, नोटरीकडं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं म्हणजे झालं असं बरेच जण समजतात. त्या कागदाला कोर्टाच्या हुकमाचं वजन नसतं. तुम्ही संमतीनं घटस्फोट घेताय, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या 13-ब खाली दोघांचा एकच अर्ज जाणार, त्याच अर्जात भेटीचं सगळं घाला, म्हणजे ते निकालात येईल. सहा महिने थांबायची मुदत असते, ती कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टानं 2017 साली तसं सांगितलंय, पण माफ करेलच असं धरून चालू नका. एका अर्थी ते सहा महिने चांगले, वेळापत्रक तेवढ्यात चालवून बघा. जे चालत नाही ते दुसऱ्या वेळी कोर्टात उभं राहायच्या आत दुरुस्त करून घ्या.

निकाल झाला म्हणजे दगडावरची रेघ असं पण नाही. त्याच कायद्याच्या कलम 26 खाली मुलांबद्दलचा हुकूम नंतर बदलून मागता येतो. आज तिसरीत आहे, दहावीला गेल्यावर हेच वेळापत्रक कसं चालेल? आणि पुढं कधी बिनसलं तर पालकत्व कायद्याखालचा अर्ज मूल जिथं राहतंय तिथल्या कोर्टात करायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत बेळगाव. मिस्टर महाराष्ट्रात आहेत म्हणून केस तिकडं जाईल ही भीती ठेवू नका.

फोनचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. यशिता साहू खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की आईबाप वेगवेगळ्या राज्यात असले तर नुसती भेट पुरत नाही, ज्याच्याकडं मूल नाही त्याला खास अडचण नसेल तर रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. तुमचा मामला नेमका दोन राज्यांचा. रात्री आठ ते सव्वाआठ व्हिडिओ कॉल असं घाला, आणि त्या वेळी फोन पोराच्या हातात द्या, स्पीकरवर ठेवून शेजारी बसू नका. (आज्या बसतात. मग पोरगं नुसतं हं हं करतंय.)

पोटगीचा हप्ता आणि भेट एकमेकांत गुंतवू नका. पैसे आले नाहीत म्हणून पोरगं पाठवणार नाही, पोरगं पाठवलं नाही म्हणून पैसे देणार नाही, या साखळीत अडकलेली माणसं मी दहा-दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढताना बघतोय. पैसे थकले तर त्याची वसुली वेगळी होते.

शेवटचं आपल्या भागापुरतं. कागद कन्नडमध्ये येतील. वाचता येत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि मिस्टरांना तर नक्कीच समजावून द्या, नंतर मला काय लिहिलंय ते कळलंच नाही ही पळवाट राहायला नको. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दोन घरची

काकू, मी स्वतः अशी वाढलेय, आता 24 वर्षांची आहे. मला तारखांपेक्षा वस्तूंचं जास्त आठवतंय. पप्पांकडं माझा टूथब्रश नव्हता, दर वेळी नवीन आणायचे आणि दर वेळी तो पाहुण्यासारखा पिशवीतून परत यायचा. तिकडं त्याचा एक कप्पा असू दे, चप्पल, दोन शर्ट, कंपास. बॅग जेवढी लहान तेवढं बरं वाटतं.

आणि "पप्पांना सांग शनिवारी चारला या" असं त्याच्याकडून कधीच सांगू नका. मी बारा वर्षांची होईपर्यंत निरोप पोचवले. शब्द बदलून सांगायचे, दोघं पण चिडू नयेत म्हणून.

सणांचं मात्र त्याला विचारा की. निम्मे-निम्मे करताना माझी प्रत्येक वर्षी गौरी एकीकडं आणि गणपती दुसरीकडं व्हायचा, मला कुठलीच आरती पूर्ण पाठ नाही.

शहापूरची आई

काल रात्री फोनवर तासभर बोललो, पहिल्यांदाच आवाज न चढवता. सांगते काय ठरलं ते.

सोमवार त्यांना पटला, पहिला आणि तिसरा, शाळेच्या गेटवर, साडेसातला दारात. दुसऱ्या शनिवारी ते स्वतः न्यायला येणार, रविवारी चारला घरी. शाळेत पत्र मी उद्या देतेय. दसऱ्याची सुट्टी, पहिले नऊ-दहा दिवस त्यांच्याकडं, कोल्हापूरचा शाही दसरा पोराला बघायचाच होता, त्यामुळं तिथं वादच झाला नाही. दिवाळी एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं. गणपती पूर्ण आमच्याकडं, कारण आमच्या घरी अकरा दिवसांचा आणि त्यांच्याकडं दीड दिवसाचा, तो दीड दिवस ते म्हणाले असू दे. रात्री आठचा कॉल पण लिहिलाय, आईला मी सांगितलंय तेवढा वेळ स्वयंपाकघरात बस म्हणून, ती फुगलीय.

उन्हाळ्याचं अडलंय. ते म्हणतात सुट्टी लागल्या लागल्या महिनाभर. पण आपली बेळगावची शिवजयंती वैशाखातल्या तिथीची, अक्षय तृतीयेच्या आसपास, म्हणजे नेमकी त्यात येणार. आणि पोराला यंदा गल्लीच्या चित्ररथावर मावळ्याचं काम मिळालंय. पुठ्ठ्याची ढाल करून झालीय, कॉटखाली ठेवलीय, रोज रात्री काढून बघतोय. मी त्यांना म्हटलं चित्ररथ झाला की दुसऱ्या दिवशी घेऊन जा, महिनाभर ठेवा, फक्त शाळा उघडायच्या चार दिवस आधी आणून सोडा. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी पण येतो बघायला. तुमच्या घरात येणार नाही, रस्त्यावर उभा राहतो, आणि तिथूनच सकाळी त्याला घेऊन जातो.

मी हो म्हटलंय. आता हे कागदात कसं लिहायचं ते वकीलसाहेब सांगा.

खानापूरचा वकील

तारीख लिहू नका, तिथी दर वर्षी सरकते. "चित्ररथ मिरवणूक संपल्यानंतरच्या सकाळपासून तीस दिवस, पण शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधी परत" असं लिहा.

सीमाभागातला

मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, त्यांना म्हणावं जेवून या आणि संध्याकाळी लवकर जागा धरा, नंतर उभं राहायला पण मिळत नाही. आमचं दुकान वाटेवरच आहे, पायरीवर बसायचं असेल तर सांगा.