छापण्याआधी नक्षी कागदावर बघा

संगणकावर काढलेली नक्षी कापडावर छापून घेतली तर रंग संगणकाच्या पडद्यापेक्षा फिके उमटतात, अशी तक्रार या चर्चेत आली आहे, त्यात थोडी भर घालते. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कापडावरचा शाईचा. झगझगीत निळा किंवा पोपटी कापडावर तसाच उतरत नाही. म्हणून मी आधी एक छोटा नमुना छापून घेते, त्यात एकाच रंगाच्या आठ-दहा छटांचे चौकोन टाकते आणि तो तुकडा धुऊन, इस्त्री करून मगच छटा ठरवते. एवढा धीर धराच. शाईही कापडानुसार बदलते: सुतीला रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिकरीत्या जोडली जाणारी), पॉलिएस्टरला डिस्पर्स (उष्णतेने धाग्यात मुरणारी).

नक्षीच्या आकाराबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते कपडा तिथेच बिघडतो. पडद्यावर नाजूक वाटलेलं फूल छापून येतं तेव्हा तळहाताएवढं निघतं. १५० डीपीआयला (म्हणजे एका इंचात १५० ठिपके) १५०० पिक्सेलची नक्षी म्हणजे १० इंच, हे गणित आधी करा. मग खऱ्या मापात कागदी प्रिंट काढा, अंगाशी धरा आणि आरशात बघा. माझ्या पहिल्या टॉपवर दोन मोठी फुलं बरोब्बर छातीवर आली होती. सगळी शिवण उसवून पुढचा भाग नव्याने बेतावा लागला, तेव्हापासून हा कागद मी कधी टाळला नाही.

अजून एक. नक्षी एकाच दिशेची असेल, म्हणजे झाडं, पक्षी वगैरे, तर कापड जास्त घ्या. कापड वाचवायला पाठ उलटी बेतली की पक्षी डोक्यावर उभे राहतात. आणि सुती कापड बेतण्याआधी धुवून घ्या, ते आटतं.